तुम्ही विचारलंत म्हणून : गौरी-गणपतीनंतरची सिसिली

‘मे महिन्याची सुट्टी सोडून तुम्ही गौरी-गणपती आटोपल्यावर दक्षिण इटलीला का जाता, आणि टूर कंपनीशिवाय सोळा-सतरा दिवसांची आखणी कशी करता?’ हा प्रश्न मला सोसायटीतल्या मैत्रिणी, नातेवाईक आणि माझ्या जुन्या विद्यार्थिनी नेहमी विचारतात. जिन्यात उभ्या उभ्या दिलेले उत्तर अर्धेच राहते, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे. शाळेत बरीच वर्षे भूगोल शिकवल्यामुळे माझी आखणी हवामानापासून सुरू होते आणि शहरांची नावे त्यानंतर येतात.

पहिल्या वेळी मात्र मी तसे केले नव्हते. २०१८ साली गणेश चतुर्थी १३ सप्टेंबरला होती, तेव्हा त्याआधी परतावे या हिशेबाने आम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात इटलीच्या दक्षिण टोकाजवळच्या सिसिली बेटावर पोहोचलो आणि बारा दिवसांत आठ गावे बसवली. १५ ऑगस्टला इटलीत ‘फेर्रागोस्तो’ असतो. सम्राट ऑगस्टसच्या काळापासून चालत आलेली सुट्टी आणि मेरी मातेच्या स्वर्गारोहणाचा ख्रिस्ती सण हे दोन्ही त्या एका दिवसात मिसळले आहेत, आणि त्याच्या मागेपुढे इटालियन कुटुंबे मोठ्या संख्येने समुद्राकाठी राहायला जातात. त्यामुळे किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, शहरातल्या छोट्या खानावळींच्या दारांवर सुट्टीच्या चिठ्ठ्या होत्या, आणि पालेर्मोत आम्ही बसची वाट पाहत दीड तास उन्हात उभे राहिलो. त्यानंतर दोनच दिवसांनी अग्रिजेंतोच्या ‘मंदिरांच्या दरी’त दुपारी एक वाजता माझ्या यजमानांना भोवळ आली. नाव दरीचे असले तरी ती ग्रीक मंदिरे एका उंच धारेवर उभी आहेत आणि त्या वाटेवर सावली फार थोडी आहे. एका ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांना बसवून मी पाणी पाजत होते, आणि समोर अडीच हजार वर्षांपूर्वीचे कॉन्कॉर्डियाचे मंदिर इतके अखंड उभे असूनही माझे तिकडे लक्ष नव्हते. नकाशावरची गावे मोजण्याच्या भरात दिवसातले तास मोजायचे मी विसरले होते, ही चूक माझी होती.

भूमध्य समुद्राच्या या टापूत उन्हाळा कोरडा असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो सर्वांत कडक होतो. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिसिलीतल्या सिराकुझा परिसरात ४८.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने पुढे ते युरोप खंडातले उच्चांकी तापमान म्हणून मान्य केले. सप्टेंबर लागला की जमिनीवरचे ऊन उतरू लागते. पाणी मात्र जमिनीपेक्षा सावकाश तापते आणि सावकाशच निवते, त्यामुळे समुद्र ऑगस्टअखेरीस सर्वांत उबदार असतो आणि सप्टेंबरच्या मध्यालाही सिसिलीच्या किनाऱ्यावर सुमारे २५ अंशांवर टिकून राहतो. ऊन सोसण्याजोगे झालेले, पाणी अजून कोमट, द्राक्षांची तोडणी चालू आणि तिथली मुले शाळेत परतू लागलेली, असे हे तीन-चार आठवडे आहेत, आणि मला दक्षिण युरोप पाहायला याहून योग्य काळ ठाऊक नाही.

आता पंचांग. २०२५ मध्ये आमच्या गौरी २ सप्टेंबरला विसर्जित झाल्या, आणि सासऱ्यांचे श्राद्ध आम्ही सर्वपित्री अमावास्येला करतो, ती २१ सप्टेंबरला होती. त्या दोन तारखांच्या मध्ये प्रवास बसवायचा होता. पितृपंधरवड्यात परदेशी जाऊ नये असे मला काहींनी सांगितले. त्यांच्या भावनेचा मी मान राखते, परंतु श्राद्धाच्या दिवशी घरी असणे हे माझ्या दृष्टीने कर्तव्य आहे आणि बाकीचे दिवस मोकळे आहेत. म्हणून ४ सप्टेंबरच्या रात्री मुंबईहून निघून २० तारखेला परत यायचे, असे ठरवले.

या दिवसांत मी चारच मुक्काम धरले : नेपल्स चार रात्री, पालेर्मो चार, अग्रिजेंतो दोन आणि सिराकुझा चार. मुक्काम हलवण्याचे वारही विचार करून ठरवावे लागतात. नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असते, म्हणून मंगळवारी नेपल्स सोडले. सिसिलीत गावोगावच्या बस रविवारी फार कमी धावतात आणि अग्रिजेंतोहून सिराकुझाला सोयीची थेट रेल्वे नसल्याने कातानियाला बस बदलावी लागते, म्हणून तो टप्पा सोमवारी ठेवला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत आणि पुरातत्त्वस्थळी प्रवेश विनामूल्य असतो. ऐकायला ते छान वाटते, परंतु त्या दिवशी नेपल्सजवळच्या पाँपेईला, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन नगरात, प्रचंड गर्दी होते. ७ सप्टेंबर हा पहिला रविवार होता, म्हणून आम्ही पाँपेई शनिवारी पाहिले आणि त्याची तिकिटे घरूनच काढून ठेवली, कारण नोव्हेंबर २०२४ पासून तिथे दिवसाला वीस हजारच माणसांना सोडतात आणि तिकिटावर नाव लागते. सकाळी नऊला दार उघडताच आत गेलो आणि साडेबाराला बाहेर पडलो. (व्हेसुव्हियसचा उद्रेक इ.स. ७९ मध्ये २४ ऑगस्टला झाला असे आम्ही मुलींना शिकवत असू. २०१८ मध्ये तिथल्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरच्या मध्याची तारीख सापडल्यापासून तो शरदात झाला असावा, असे मत बळावले आहे.)

गावे ठरली की दिवस आखायचा. सकाळी आठ ते साडेबारा हा पाहण्याचा वेळ. एक ते साडेचार खोलीत थांबायचे, जेवायचे आणि आडवे व्हायचे. दक्षिण इटलीत या वेळेला ‘कोंट्रोरा’ म्हणतात आणि छोटी दुकानेही तेव्हा बंद असतात. आपल्याकडे वामकुक्षीला आळसाशी जोडतात, पण उष्ण प्रदेशातल्या माणसांनी अनुभवातून बसवलेली ती शहाणी व्यवस्था आहे. पाचनंतर पुन्हा बाहेर. सप्टेंबरच्या मध्याला पालेर्मोत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, म्हणजे संध्याकाळचे दोन तास उजेडाचे मिळतात. अग्रिजेंतोची मंदिरे या वेळी आम्ही संध्याकाळी पाहिली. उन्हाळ्याच्या महिन्यांत ती जागा उशिरापर्यंत उघडी असते आणि काळोख पडल्यावर खांबांवर दिवे लावतात. सात वर्षांपूर्वी ज्या झाडाखाली आम्ही घाबरून बसलो होतो ते शोधायचा यजमानांनी प्रयत्न केला, पण तिथली सगळी झाडे सारखीच दिसतात.

नेपल्सहून पालेर्मोला विमान तासाभरात पोहोचवते, तरी मी रेल्वेचा आग्रह धरते. प्रवास सुमारे नऊ तासांचा आहे. व्हिल्ला सान जोव्हान्नी येथे गाडीचे डबे तोडून भागाभागाने जहाजाच्या पोटात ढकलतात, जहाज मेस्सिनाची सामुद्रधुनी ओलांडते आणि पलीकडे डबे पुन्हा जोडून गाडी पुढे निघते. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम तीन किलोमीटर आहे. डब्यातून उतरून वरच्या डेकवर जाता येते, आणि तिथे उभे राहिले की इटलीची मुख्य भूमी मागे पडताना आणि सिसिली जवळ येताना एकाच वेळी दिसते. मी हे फळ्यावर खडूने कितीदा काढले होते!

युरोपातल्या अनेक देशांना मिळून ‘शेंगेन’ हा एकच व्हिसा चालतो, त्याबद्दल थोडक्यात सांगते. सर्वाधिक दिवस ज्या देशात राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मे-जूनमध्ये अपॉइंटमेंट मिळणे अवघड होते, म्हणून सप्टेंबरच्या प्रवासासाठी मी एप्रिलमध्येच कागद तयार ठेवते. एकदा व्हिसा हाती येण्यापूर्वी पैसे परत न मिळणारी तिकिटे काढून मी तीन आठवडे नीट झोपले नव्हते, तेव्हापासून रद्द करता येईल असेच बुकिंग करते. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा उतरल्यानंतरचे पुढचे विमान किंवा गाडी फार लगतची घेऊ नये.

सप्टेंबरचे धोकेही सांगायला हवेत. तापलेल्या समुद्रावरून बाष्प उठते आणि वर थंड हवा आली की वादळी पाऊस कोसळतो. २०२३ च्या सप्टेंबरात ‘डॅनियल’ वादळाने ग्रीसचा थेसली प्रांत पाण्याखाली गेला होता. दुसरी गोष्ट संपांची. इटलीत २७ जुलै ते ५ सप्टेंबर या काळात हवाई वाहतुकीत संप करता येत नाही, त्यानंतर ती मुभा पुन्हा मिळते. संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत प्रादेशिक रेल्वेच्या ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. म्हणून परतीच्या आदल्या रात्री मी विमानतळापासून फार लांब राहत नाही, आणि प्रत्येक मुक्कामात अर्धा दिवस रिकामा ठेवते.

‘शाकाहारी माणसाने तिथे काय खायचे?’ हा प्रश्न तर ठरलेलाच असतो. उन्हाळ्याचा शेवट हा सिसिलीत वांग्यांचा आणि टोमॅटोंचा काळ आहे. तळलेली वांगी आणि खारवलेले रिकोत्ता चीज घातलेला ‘पास्ता अल्ला नोर्मा’ किंवा वांगी, सेलेरी, ऑलिव्ह आणि केपर्स यांची आंबट-गोड ‘कापोनाता’ कोणत्याही साध्या खानावळीत मिळते. सॉसमध्ये बारीक मासळी आहे का, हे तेवढे विचारून घ्यावे. पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात आम्ही ‘पानेल्ले’ खाल्ले, तेव्हा यजमान म्हणाले, “अगं, ही तर आपली पाटवडी!” खरोखरच चण्याचे पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचे, पसरायचे, कापायचे, आणि मग तळून पावात घालायचे. फोडणी नाही, तिखट नाही, पण हाताची रीत तीच.

तुमच्यापैकी ज्यांनी येत्या वर्षासाठी विचारले आहे त्यांना सांगते, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. घरी गणपती बसत असेल तर २४ ऑगस्टच्या सुमारास निघून ९ सप्टेंबरपर्यंत परतावे. फेर्रागोस्तोची गर्दी तोवर ओसरू लागलेली असते. ऊन मात्र माझ्या तारखांपेक्षा कडक असेल, म्हणून दुपारची विश्रांती एक तासाने वाढवावी आणि अग्रिजेंतो संध्याकाळीच पाहावे. सिराकुझातल्या ओर्तिजा बेटावर सकाळी बाजार भरतो. तिथे या दिवसांत ‘फिको दिंदिया’ म्हणजे ‘हिंदुस्थानचे अंजीर’ या नावाने जे फळ विकतात, ते आपल्या फड्या निवडुंगाचे बोंड आहे. मूळ मेक्सिकोचे हे झाड दोन्हीकडे पोहोचले आणि दोन्हीकडे बांधावर रुजले. विक्रेता हातमोजा घालून काटेरी साल दोन कापांत सोलून देतो. आत बिया खूप असतात, त्या चावू नयेत, गराबरोबर गिळाव्यात.