श्रवणबेळगोळ: लहान टेकडी आधी, गाइड नकोच

कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळ या जैन तीर्थावर दोन टेकड्या आहेत, बाहुबलीची मोठी विंध्यगिरी आणि समोरची लहान चंद्रगिरी. जाणार असाल तर आधी चंद्रगिरी चढा, तीही सकाळी सातच्या आत, आणि गाइड घेऊ नका. बाकी काही नाही वाचलं तरी चालेल.

आम्हाला खाली जो गाइड भेटला त्याने दोन्ही टेकड्यांचे मिळून पंधराशे ठरवले, सगळे आगाऊ घेतले, अकरा वाजता विंध्यगिरीवर चढवलं, आणि खाली आल्यावर समोरच्या चंद्रगिरीकडे हात करून म्हणाला, "उधर कुछ नहीं है साब, पुराने पत्थर हैं." आणि गेला. अहो, आम्ही आलोच त्या दगडांसाठी होतो! बाहुबलीची ५७ फुटी मूर्ती भव्य आहेच, वाद नाही, गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने दहाव्या शतकाच्या शेवटी उभी केली, पायाशी मराठी ओळही कोरलेली आहे ती जरूर बघा. पण सल्लेखना, म्हणजे आहार हळूहळू सोडत देह ठेवण्याचं जैन व्रत, समजून घ्यायचं असेल तर ते सगळं समोरच्या लहान टेकडीवरच्या कोरीव लेखांत आहे.

त्याहून जास्त राग आला तो त्याने जे सांगितलं त्याचा. म्हणे भद्रबाहू मुनी गुहेत बारा वर्षं काही न खाता बसले होते. शेजारच्या ग्रुपमधल्या मावशी हात जोडून ऐकत होत्या. असं काहीही नाहीये. बारा वर्षं हा आकडा उत्तरेतल्या दुष्काळाचा, ज्यामुळे परंपरेप्रमाणे भद्रबाहू साधूंचा संघ घेऊन दक्षिणेत आले आणि चंद्रगुप्त मौर्य राज्य सोडून त्यांच्याबरोबर आला. शिवाय जैन ग्रंथांत सल्लेखनेची जास्तीत जास्त मुदत बारा वर्षं सांगितलीय, पण ती पूर्ण उपाशी राहायची नाही, हळूहळू आहार कमी करत नेण्याची. आधी जड अन्न सुटतं, मग दूध-ताकासारखं पातळ, मग नुसतं गरम पाणी, आणि अगदी शेवटी तेही. कोणीही उठून करावं असंही नाही, टळत नाही असं संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा बरा न होणारा आजार अशीच कारणं चालतात आणि गुरूची परवानगी लागते. लवकर मरण यावं अशी इच्छा धरणं हासुद्धा त्यात दोष मानलाय, आणि अजून जगावं ही इच्छा पण दोषच. हे इतकं बारीक, मोजूनमापून रचलेलं आहे आणि गाइड लोक त्याचा चमत्कार करून विकतात, खरंच चीड येते. नुसत्या पाण्यावर माणूस काही आठवडे काढू शकतो, पाणीही सोडलं तर थोडेच दिवस, वर्षंबिर्षं काही नाही.

आता विंध्यगिरीच्या उताराबद्दल, कारण तो भाग वाईट आहे आणि कुणीच आधी सांगत नाही. साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या, थेट कातळात खोदलेल्या, वाटेत सावली जवळजवळ नाही आणि चपला खालीच काढायच्या. चढताना पाय चालत राहतात म्हणून कळत नाही, पण दुपारी एकला उतरताना दगड तव्यासारखा तापलेला असतो आणि उतारामुळे सगळा भार तळव्यांवर येतो. आमच्या पुढे एक काका कठड्याला धरून एका पायावर उभे राहायचे, मग दुसऱ्या, असं करत येत होते, त्यांच्या दोन्ही तळव्यांना फोड आले. जाड सुती मोजे बरोबर न्या, ते चालतात, खाली विकायलाही असतात पण पातळ असतात आणि अर्ध्या वाटेत फाटतात. गुडघ्याचा त्रास असेल तर डोली आहे, पण भाव आधी बोला आणि जाऊन-येऊन किती ते स्पष्ट विचारा, नाहीतर वर गेल्यावर उतरायचे वेगळे मागतात. आणि कृपा करून उपास धरून चढू नका. आमच्यातल्या एकाने "इथे आलोय तर निर्जळी करू" म्हणून काही घेतलं नाही आणि उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसला, त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजून आणायला तास गेला. ज्यांनी ही व्रतं केली त्यांची आयुष्यभराची सवय होती, एका सकाळीत ती अंगात येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपले आपण चंद्रगिरीवर गेलो. दोनशेच्या आसपास पायऱ्या, वीस मिनिटांत वर. सकाळ का म्हणतोय तर लेख उघड्या कातळावर कोरलेत, अक्षरं झिजलीत, ऊन तिरपं असेल तरच कडांची सावली पडून ओळी उठून दिसतात. डोक्यावर सूर्य आला की तोच दगड सपाट, खरंच काही दिसत नाही, तो गाइड दुपारीच येत असणार. मी एका लेखाशी गुडघ्यावर बसून बघत होतो, जुनी कानडी, वाचता शून्य येत नाही, पण वेलांटीसारखी एक वळणदार खूण तर अशी ताजी की काल कोरल्यासारखी. सगळ्यात जुना लेख साधारण इ. स. ६०० चा, आणि सुरुवातीच्या लेखांत बहुतेक असेच, अमुक मुनी, अमुक साध्वी, इथे अन्न सोडून देह ठेवला. नुसते साधूच नाहीत हां. राष्ट्रकूट राजा चौथा इंद्र याने ९८२ मध्ये इथेच असा देह ठेवला. गंग राजा मारसिंहाने देह ठेवला तो बंकापूरला, पण त्याचा स्तंभ इथे मंदिरांच्या आवाराच्या दक्षिण दारापाशी उभा आहे. होयसळ राणी शांतलेची आई माचिकब्बे, मुलगी वारल्यावर इथे आली आणि महिनाभराचा उपास करून तिनेही देह ठेवला. हे वाचून माहीत होतं तरी तिथे उभं राहिल्यावर अंगावर काटा आला, मला तिथून हलावंसंच वाटेना.

चंद्रगुप्त बसदीतली (बसदी म्हणजे जैन मंदिर) दगडी जाळी चुकवू नका, भद्रबाहू-चंद्रगुप्ताची गोष्ट छोट्या छोट्या चौकटींत कोरलीय, अंधार असतो म्हणून टॉर्च न्या. भद्रबाहूंची गुहा आवाराच्या बाहेर आहे, आत पावलं आहेत, वाकून जावं लागतं.

वर एका पर्यटकाने वाद काढला की सल्लेखना ही आत्महत्याच. राजस्थान हायकोर्टाने ऑगस्ट २०१५ मध्ये तसंच म्हटलं होतं आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. माझं मत, हे दूरची गोष्ट समजून बोलू नये, आपल्याच कुंथलगिरीवर दिगंबर जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी दृष्टी गेल्यावर सल्लेखना घेतली आणि सप्टेंबर १९५५ मध्ये देह ठेवला, पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न-पाणी-औषध सोडलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आठवत असेल.

बेलूर-हळेबीडूची होयसळ मंदिरं झकास, त्यावर भरपूर लिहिलेलं आहे. राहायला तीर्थक्षेत्राच्या धर्मशाळा साध्या आणि स्वच्छ. जेवण भोजनशाळेत, कांदा-लसूण नाही आणि सूर्यास्ताआधी उरकतात, आम्ही सातला गेलो तर भांडी घासून झाली होती, म्हणून संध्याकाळी पाचलाच जाऊन बसा. चन्नरायपट्टणहून बस मिळते, जेमतेम अर्धा तास, रिक्षावाले "बस बंद झाली" सांगतात ते ऐकू नका, स्टँडच्या आत जाऊन विचारा.