तक्रार असलेल्या दिंडीचा टाळ

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत आळंदी ते पंढरपूर हे सगळे अंतर मी पायी चालले ते २०२४ साली. २९ जूनला प्रस्थान झाले आणि १७ जुलैला आषाढी एकादशी होती. दिवे घाटाची चढण, जेजुरीचा भंडारा, नीरेच्या पात्रातले पादुकांचे स्नान यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते रोज संध्याकाळी होणाऱ्या समाजआरतीविषयी आणि माझ्या शेजारून चालणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या एका मावशींविषयी.

दिवसभराची वाटचाल संपवून दिंड्या पालखीतळावर जमतात, तेव्हा टाळ-मृदंगाचा गजर असा टिपेला पोचलेला असतो की शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार आपला चोप, म्हणजे हातातला दंड, उंच धरतात आणि एवढा मोठा समुदाय एकदम गप्प होतो. मात्र एखाद्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, तर तिचे टाळ तेवढे वाजतच राहतात. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, तक्रार ऐकून घेतात आणि त्यानंतरच ते टाळ थांबतात. हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, आणि मग आरती होते. लोणंदच्या तळावर अशाच एका दिंडीचे टाळ बराच वेळ थांबेनात. माझे पाय ठणकत होते आणि खरे सांगायचे तर मी मनातून वैतागले होते. मावशी मात्र टाचा उंचावून त्या दिशेने एकटक बघत होत्या. म्हणाल्या, "ऐकल्याबगर थांबायचंच न्हाई, ही रीत लई चांगली हाय, ताई. आमच्याकडं बाईनं एकटीनं टाळ वाजवला की म्हणत्यात, हिला लई तोंड आलंय."

त्या असे का म्हणाल्या, ते मला फलटण सोडल्यावर समजले. बरडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस लागतो. मावशी रांगेतून जरा बाजूला झाल्या, त्यांनी एक पान ओढून माझ्या बोटावर त्याची कड हलकेच फिरवली आणि मग स्वतःचा तळहात उघडून दाखवला. त्यावर बारीक पांढऱ्या रेघांचे जाळे होते. "ह्या भागात दोन हंगाम काढलेत. कोपी तिकडं पाटाच्या कडंला होती," त्या म्हणाल्या. कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी.

पुढचे चार-पाच मैल त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होते. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाआधी मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि दिवाळीच्या सुमारास निघून सहा महिने ती फेडायची. पहाटे फडात जायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. हे सगळे पाळीतही आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांतही. एक दिवस चुकला की खाडा लागतो आणि दंड दोघांच्या हिशेबातून जातो. मावशींच्या धाकट्या जावेला अंगावरून जाण्याचा त्रास होता. एका खासगी डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली, मुकादमाने शस्त्रक्रियेसाठी आणखी उचल दिली आणि सव्विसाव्या वर्षी तिची गर्भाची पिशवी काढली. तेव्हापासून तिची कंबर धरलेलीच आहे. पुढच्याच वर्षी मावशींनाही तोच सल्ला मिळाला. त्यांनी नाही म्हटले. नवरा चिडला, मुकादमाने सगळी उचल एकदम मागितली. तेव्हा टोळीतल्या चार बायकांना घेऊन त्या त्याच्या दारात जाऊन बसल्या आणि आमचे खाडे आमच्यासमोर मोजून दाखवा, असे म्हणाल्या. हिशेब दाखवला गेला, पण पुढल्या हंगामात त्यांना कुठल्याही टोळीने घेतले नाही. ते वर्ष गावात मिळेल ती मजुरी करून काढले, हे त्यांनी जेवणात काय होते ते सांगावे इतक्या साधेपणाने सांगितले.

२०१९ मध्ये या शस्त्रक्रियांचा गाजावाजा झाला, तेव्हा शासनाने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे आकडे मी वर्तमानपत्रात वाचले होते, हळहळले होते आणि पान उलटले होते. मावशींच्या जावेचे वय ऐकल्यावर मला त्या पान उलटण्याची लाज वाटली.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांकडे फक्त अवधान, म्हणजे लक्ष, मागतात. वारीत ते पायांपासून सुरू होते. पुढच्याच्या टाचेला आपला अंगठा लागू नये एवढे भान सुटले, तर सगळी रांग अडखळते. मावशींचे अवधान त्याहून पुढे जाणारे होते. नातेपुत्याच्या मुक्कामी, राहुटीत सगळे आडवे झाल्यावर, त्यांनी एका परक्या म्हातारीचे पाय मांडीवर घेतले, फोड न फोडता भोवतीने तेल लावले आणि तिला विचारले, "रात्री लघवीला उठायला भीती वाटती का? मला हाक मारा." मी तिच्याच शेजारी दोन रात्री झोपले होते. त्या दोन्ही रात्री ती पाणी पीत नव्हती, हे माझ्या नजरेतून सुटले होते.

पंढरपुरात कळसाचे दर्शन घेऊन आम्ही वाळवंटात बसलो. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला बीदरच्या बादशहाचे बोलावणे आले, तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला आणि तिच्या समाधीचे तरटीचे झाड राऊळात आहे, ही कथा मावशींना पाठ होती. ती सांगून त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "तिला मरावं लागलं, हे मला अजून पटत न्हाई." मग जावेसाठी चंद्रभागेचे पाणी बाटलीत भरून त्यांनी बुक्क्याची पुडी पदराच्या गाठीत बांधली.

डिसेंबरमध्ये त्यांचा फोन आला. टोळीत एकोणीस वर्षांची नवी सून आली होती, तिचे पोट दुखत होते आणि खाडा पत्करून मावशी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन निघाल्या होत्या. "ताई, डॉक्टर काय म्हणत्यात ते तुम्ही फोनवरनं ऐका. कागदावर विंग्रजी असतंय, आमचा अंगठा कशावर घेत्यात ते आम्हाला कळत न्हाई." त्या दुपारी मी फोन हातातून खाली ठेवला नाही.