बसलेल्या माणसाची खोली

बडोदा, मंगळवार, रात्री

इंटिरिअर डिझाइनच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आज रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यात नेले. टेप, कागद आणि पेन्सिल एवढेच बरोबर घ्यावे, लॅपटॉप वर्गातच ठेवावा, असे कालच सांगितले होते. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा एकोणिसाव्या शतकातील लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. कृष्णलीला, मराठे आणि इंग्रज यांच्या लढाया, युरोपीय पेहरावातील स्त्रिया असे सारे त्याच्या भिंतींवर शेजारी शेजारी नांदते.

मुलांनी उभ्यानेच मापे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मी सर्वांना आधी जमिनीवर बसायला सांगितले. उभ्या माणसाची नजर साधारण १५० सेंटिमीटरवर असते, खुर्चीवर बसलेल्याची ११५ ते १२० वर आणि मांडी घालून बसलेल्याची ७५ ते ८० वर. गादी-तक्क्याची बैठक असलेल्या घरात माणसाचा बराचसा दिवस या शेवटच्या उंचीवर जात असे. त्या उंचीवरून छत दूर जाते, कोनाडा हाताशी येतो आणि समोरची भिंत पूर्ण नजरेत मावते. आपण मात्र आराखडा वरून आणि उभा छेद, म्हणजे खोली उभी कापल्यावर दिसेल ते चित्र, दुरून काढतो, आणि ज्याने त्या खोलीत बसायचे त्याची नजर कागदावर कुठेच नोंदवत नाही. ही उणीव मला फार मोठी वाटते.

एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, घर बांधून झाल्यावर शोभेसाठी ही चित्रे काढली असतील ना?" मी तिला चित्रांच्या चौकटी दारांच्या, कोनाड्यांच्या आणि तुळयांच्या रेषांशी ताडून पाहायला सांगितले. चित्रकार आणि सुतार यांनी एकच माप मानले आहे, हे तिचे तिलाच दिसले. आमच्या अभ्यासक्रमात चित्र शेवटी येते, सोफा आणि पडदे ठरल्यावर उरलेल्या भिंतीसाठी. ती विभागणी मला कधीच पटलेली नाही.

परतताना कीर्तिमंदिराचा विषय निघाला. तेथे चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीराबाईचे जीवन, रवींद्रनाथ टागोरांचे नाटक नटीर पूजा आणि महाभारतातील युद्ध हे चार विषय चार भिंतींवर रंगवले. पाहणाऱ्याला मध्ये उभे राहून स्वतः वळावे लागते, आणि कथेचा क्रम त्याच्या वळण्यातून घडतो. गायकवाडांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या वास्तूत चित्रांनी वळण्याची गतीही ठरवली आहे.

आणि चित्रकार नसरीन मोहमदी. १९७२ पासून १९९० मध्ये निधन होईपर्यंत त्या इथल्याच ललित कला विभागात शिकवत होत्या. आर्किटेक्टच्या टेबलावरची ड्राफ्टिंगची साधने घेऊन, शाई आणि पेन्सिलीने त्यांनी लहान कागदांवर ज्या रेषा ओढल्या, त्यांत भिंत नाही, दार नाही, तरीही खोली आहे, तिरपा उजेड आहे, अंतर आहे. त्यांच्या रोजनिशीची पाने नंतर छापली गेली. ती वाचताना त्यांची शिकवणी आणि त्यांचे चित्र मला वेगळे काढता येत नाही.

येत्या प्रदर्शनासाठी मी दालनात सुती दोरे ताणणार आहे, तेही नजरेच्या त्याच तीन उंचींवर. उभा माणूस खालच्या दोऱ्यांवरून नुसती नजर फिरवील. बसणाऱ्यालाच त्यांच्यामधली जागा दिसेल. वर्गात शिकवतो ते आणि दालनात करतो ते, दोन्हींचा प्रश्न एकच असल्यामुळे मी आता दोन्हींसाठी एकच वही ठेवली आहे.

उद्या मुलांना पहिला अभ्यास द्यायचा आहे. आपल्या घरातील एक खोली तीन नजरांच्या उंचीवरून हाताने काढून आणावी, घरातल्या वडीलधाऱ्यांना कुठे बसायला आवडते ते विचारून ती जागा आराखड्यात दाखवावी, फर्निचर आणि रंग यांचा विचार तूर्त करू नये. दुपारी विभागप्रमुखांकडे यासाठी वेळापत्रकात दोन आठवडे मागायचे आहेत. एका आठवड्यात हे काम होणार नाही, असे त्यांना स्पष्ट सांगीन.