गुंडीचं लिव्हर आणि माझा टॉनिकचा डबा

माझ्या कुत्रीला, गुंडीला, आयएमएचए हा रक्ताचा आजार निघाला तेव्हा हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी चहासारखी, तिचीच इम्युनिटी तिच्याच लाल पेशी फोडत बसलेली. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, वजनाच्या किलोमागे रोज 2 मिलिग्रॅम, सोबत इम्युनिटी दाबणारं अझाथायोप्रिन. रक्त सावरायला लागलं आणि मग माझ्या डोक्यात भुंगा शिरला की एवढ्या जड गोळ्या पोटात जातायत तर लिव्हरचं काय, किडनीचं काय?

घाबरलं की माणूस खरेदी करतो. मी दोन लिव्हर टॉनिक, एक मल्टिव्हिटॅमिन, एक हर्बल पावडर आणि एक इम्युनिटी बूस्टर आणला. हो, इम्युनिटी दाबायची ट्रीटमेंट चालू असताना बूस्टर, हसून घ्या. डॉक्टरांनी डबा टेबलावर रिकामा करायला लावला, एकेक बाटली बाजूला सारत गेले आणि म्हणाले, अहो हे सगळं पचवायचं कुणी, त्याच लिव्हरने ना?

शेवटी उरलं फक्त सॅम-ई, लिव्हरसाठीचं एक सप्लिमेंट, तेही उपाशीपोटी द्यायचं आणि गोळी मोडायची नाही, म्हणजे सकाळी उठल्या उठल्या ते, तासाभराने खाणं, आणि खाण्याबरोबर प्रेडनिसोलोन. त्याचा किती उपयोग झाला छातीठोकपणे नाही सांगता येणार, कारण पुढे औषधच बदललं.

त्याचं झालं असं की पहिल्या रिपोर्टमध्ये एएलपी हे लिव्हरचं एन्झाइम आभाळाला टेकलेलं बघून मी रडकुंडीला आले, तर डॉक्टर शांत. कुत्र्यांमध्ये स्टेरॉइडमुळे एएलपी चढतंच, त्यांच्या लिव्हरमध्ये या एन्झाइमचा स्टेरॉइडने वाढणारा वेगळा प्रकार असतो, नुसत्या त्या आकड्याने लिव्हर गेलं असं होत नाही. पण तिसऱ्या आठवड्यात एएलटी, म्हणजे लिव्हरचं दुसरं एन्झाइम, उडी मारून वर गेलं, मी मात्र निवांत, कारण गुंडी मस्त खात होती, आणि या वेळी गंभीर झाले ते डॉक्टर. अझाथायोप्रिनचा लिव्हरला त्रास व्हायचा असेल तर बऱ्याचदा पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो म्हणे, आणि कुत्रं वरून ठणठणीत असतं. ते बंद करून त्याऐवजी मायकोफेनोलेट हे इम्युनिटी दाबणारं दुसरं औषध दिलं. त्याने चार दिवस जुलाब झाले, डोस कमी केल्यावर थांबले, आणि एएलटी हळूहळू उतरलं. त्या तिसऱ्या आठवड्याची टेस्ट मी "कशाला उगाच सुया टोचायच्या" म्हणून टाळणार होते हे आता आठवलं तरी कसंतरी होतं.

किडनीचं वेगळंच. स्टेरॉइडवर कुत्रं पाणी ढोसतं आणि मुततं, घरात तळी होतात, आणि माझी आई म्हणाली रात्रीचं भांडं उचलून ठेव. अजिबात नाही! लघवी तशीच पातळ जात असते, वरून पाणी तोडलं तर डिहायड्रेशन होऊन किडनीवरच ताण. मी उलट भांडं वाढवलं आणि किती पिते ते मोजायला लागले. लघवीत इन्फेक्शन असलं तरी या औषधांवर ना ताप ना जळजळ, काहीच कळत नाही, म्हणून मधेमधे लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ते बघायची टेस्ट) आणि प्रोटीन तपासायचं. सॅम्पल घ्यायला मी वाढायचा एक जुना डाव ठेवलाय, ती बसली की मागून हळूच सरकवायचा, पहिले तीन वेळा तिने वळून अशा नजरेने पाहिलं की मलाच लाज वाटली.

बाकी पोटाचं, की स्टेरॉइडबरोबर मेलॉक्सिकॅमसारखी पेनकिलर नाही म्हणजे नाही, पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि शी डांबरासारखी काळी दिसली तर फोन करून विचारत बसायचं नाही, सरळ दवाखाना. कच्चं मांस बंद. तेलकट चटकमटक पण बंद, पॅन्क्रियाजसाठी, आणि यावरून घरात सगळ्यात जास्त भांडणं झाली कारण स्टेरॉइडच्या भुकेने ती जे काही डोळे करते ना.

आणि हो, मधे एकदा मला वाटलेलं की दोन दिवस स्टेरॉइड बंद ठेवून लिव्हरला आराम द्यावा. नशीब आधी विचारलं. बाहेरून एवढं स्टेरॉइड मिळत असताना अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं बनवणं सोडून देतात, एकदम तोडलं तर कुत्रं कोसळू शकतं. डोस पायरी पायरीनेच उतरतो.

आता स्टेरॉइडची एक दिवसाआड अर्धी गोळी आहे. एएलपी अजून वरच आहे, पोट अजून घागरीसारखं, मागचे पाय काटक्या, पण हिरड्या गुलाबी. रोज सकाळी ओठ वर करून बघते, आता तिला सवय झालीय, मी जवळ गेले की स्वतःच तोंड पुढे करते.