फोटो खोटा आहे हे सगळ्यांना माहीतच असतं

डीपफेकबद्दल, म्हणजे एआयनं बनवलेल्या खोट्या फोटो-व्हिडिओंबद्दल, जागृती करायला म्हणून जे गेम माझ्या बघण्यात आलेत ते जवळजवळ सगळे एकाच छापाचे. दोन फोटो, एक खरा एक एआयचा, ओळखा बघू. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी 2019 ला असला एक गेम ऑनलाइन टाकलेला, भारी आहे, पोरं कानातलं नीट आहे का, मागची भिंत वाकडी झालीय का बघत बसतात. पण मुलींना जो त्रास होतो तो ओळखता न आल्यामुळं होतोय का? वर्गातल्या मुलीचा तसला, म्हणजे चेहरा तिचा पण अंगावर कपडे नाहीत असा बनवलेला, फोटो ग्रुपवर पडतो तेव्हा हे ॲपनं बनवलंय हे बहुतेकांना कळतंच की, तरी फिरतो. स्पेनमधल्या अल्मेंद्रालेखो गावात 2023 ला वीसच्या वर मुलींचे फोटो असे बनवले गेले, बनवणारी त्यांच्याच ओळखीतली शाळकरी पोरं, पुढं 2024 ला त्यातल्या 15 जणांना बाल न्यायालयानं एक वर्षाची प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली राहायची शिक्षा, दिली. तिथं कुणाला फोटो खरा वाटला म्हणून हे झालं नव्हतं.

तर आमची ताई कोरेगाव बाजूच्या एका हायस्कूलला बाई आहे. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं 3 जानेवारीला भाषणं, रांगोळ्या, सगळं रीतसर असतं, यावेळी म्हणली तू ते कॉम्प्युटरचं काहीतरी कर. मी गूगल फॉर्ममध्येच गेम केला. त्यात उत्तरानुसार पुढच्या वेगळ्या भागात उडी मारायची सोय असते, तेवढ्यावर भागतं, कोडिंग बिडिंग काही नाही.

गेममध्ये तुम्ही ती मुलगी नसताच. तुम्ही ग्रुपमधले एक. रात्री नऊला नववीतल्या ऋतुजाचा फोटो येतो (गेममध्ये फोटो दाखवतच नाही, नुसता राखाडी चौकोन). आता काय करणार? हसायचा इमोजी, गप बसणार, ॲडमिनला डिलीट कर म्हणणार, का ऋतुजाला सांगणार? प्रोजेक्टरवर प्रश्न, वर्गानं हात वर करून ठरवायचं, आणि फळ्यावर एक मुलगी खडू घेऊन उभी, फोटो किती मोबाइलवर पोचला तो आकडा लिहायला. बहुतेक पोरांनी गप बसणार निवडलं. तिनं 12 पुसून 24 केलं. पुढच्या फेरीला परत गप, 48. मागच्या बाकावरून एकजण लगेच, "ओ, आम्ही काहीच केलं नाही तरी कसं काय वाढतंय?" ताईनं उत्तर दिलं नाही, नुसतं फळ्याकडं बघितलं. मला तर तिथंच गेम वसूल झाला असं वाटलं.

दुसरा भाग ऋतुजाच्या मैत्रिणीचा आणि तो मात्र जड गेला. "घरी सांगायचं का" यावर मुलींचे हात खालीच. का, तर मोबाइल जाईल, मग क्लास जाईल, मग शाळा, आणि एक म्हणाली पाहुणे बघायला येतील. याच्यावर मी काय गेम बनवणार होतो डोंबल. 1098 (मुलांची हेल्पलाइन) आणि 1930 (सायबर गुन्ह्यांची) हे नंबर टाकले होते, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते तेही होतं, आणि टेक इट डाउन म्हणून अठराखालच्यांसाठी असले फोटो नेटवरून काढायला मदत करणारी सोय आहे, त्यात फोटो आपल्या मोबाइलमधून बाहेर जात नाही, नुसता त्याचा डिजिटल ठसा जातो, तेही सांगितलं. पण त्याच्या आधी घरात एक माणूस लागतो ना.

"खोटाच आहे तर गुन्हा कसला" हे एकानं विचारलंच. पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, 2019 च्या दुरुस्तीनंतर कॉम्प्युटरवर बनवलेलं, बदललेलं चित्रसुद्धा येतं, आणि सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर 2024 मध्ये असलं काही मोबाइलमध्ये ठेवणंही गुन्हा ठरू शकतो म्हणून सांगितलंय. म्हणून पुरावा म्हणून तो फोटो कुणाला पाठवायचा नाही, ग्रुपचं नाव, नंबर, तारीख, वेळ वहीत लिहायची आणि मोठ्या माणसाकडं जायचं, ही पायरी मी मुद्दाम गेममध्ये घातली.

नंतर पालक सभेलाही खेळलो. तिथं एका बाबांचं ठरलेलं, मुलींनी इन्स्टावर फोटोच टाकू नयेत. गेममधला पुढचा प्रश्न योगायोगानं तोच होता, फोटो आला कुठून? उत्तर, कबड्डीत जिल्ह्याला निवड झाली म्हणून चौकात लागलेला अभिनंदनाचा फ्लेक्स. आता असले फ्लेक्स आपल्याकडं कोण लावतं ते सांगायला नको, सभेत दोघंतिघं बसलेलेच होते.

पुढच्या वेळी बापाच्या भूमिकेतून एक भाग करायचाय, मुलगी येऊन सांगते आणि पहिलं वाक्य तुम्ही काय बोलता, एवढाच. कुणाला शाळेसाठी फॉर्म पाहिजे असेल तर मागा, कॉपी करून देतो. ऋतुजा नावाची मुलगी वर्गात असेल तर तेवढं नाव आधी बदला.