आधी चिप, मग लस: चिंगीला जर्मनीला नेताना वाया गेलेले सत्तर दिवस

चिंगी आमची गावठी कुत्री, १४ किलोची, कात्रजला भाजीवाल्यांच्या पालाखाली सापडलेली. मुंबई ते फ्रँकफर्ट विमानाला नऊ तास लागतात. आमच्या कागदांना २०१ दिवस लागले, ८ जानेवारी ते २७ जुलै २०२४. त्यातले सत्तर दिवस निव्वळ एका उलट्या क्रमामुळे गेले. राग अजून ओसरलेला नाही, तेव्हा सूर थोडा तिखट लागेल.

घडलं असं. नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागली. मी लगेच चिंगीला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, ८ जानेवारीला रेबीजची लस टोचून घेतली. चिपचं, म्हणजे कातडीखाली टाकायच्या ओळखीच्या नंबराच्या चिपचं, विचारलं तर म्हणाले, "ती काय, नंतर कधीही टाकू." २५ जानेवारीला टाकली. १२ फेब्रुवारीला टायटर टेस्टसाठी, म्हणजे लसीने रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं पुरेशी तयार झाली का हे बघणाऱ्या तपासणीसाठी, रक्त काढलं, युरोपातल्या लॅबला पाठवलं, कुरिअर धरून १९,५०० रुपये मोजले. रिपोर्ट उत्तम. १८ मेचं तिकीट काढलं, पेढे वाटायचेच बाकी होते.

मार्चमध्ये रात्री सहज म्हणून युरोपीय संघाचा आरोग्य प्रमाणपत्राचा नमुना वाचायला घेतला. तक्त्यात चिपची तारीख आणि लसीची तारीख शेजारीशेजारी. नियम स्वच्छ आहे: चिप लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी हवी. चिप नसलेल्या कुत्र्याला टोचलेली लस त्यांच्या लेखी टोचलेलीच नाही. लस बाद, म्हणून रक्ताची तपासणीही बाद. नंबरच नाही तर लस नेमक्या कोणत्या कुत्र्याला दिली हे कसं ठरवणार, हा त्यांचा मुद्दा, आणि तो रास्त आहे, हे मला आज कळतं. त्या रात्री कळत नव्हतं.

१८ मार्चला पुन्हा लस. मग तीस दिवस थांबायचं, ते १७ एप्रिलला भरले. त्या दिवशी रामनवमी. रक्त २२ एप्रिलला, सोमवारी काढलं. सोमवारच धरा, शनिवार-रविवारी पार्सल कुठे गोदामात पडून राहायला नको. अख्खं रक्त नाही, त्यातलं सीरम (वरचा पातळ द्रव) वेगळं करून थंड पाठवायचं असतं. प्रतिपिंडांची पातळी मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट हवी, आणि लॅब युरोपीय संघाच्या यादीतलीच हवी. जवळच्या लॅबचा रिपोर्ट स्वस्तात मिळाला तरी त्याचा उपयोग शून्य.

आता इथे नीट लक्ष द्या. टेस्टनंतर प्रवासाआधी तीन महिने थांबावं लागतं, आणि ते रक्त काढल्याच्या तारखेपासून मोजतात, रिपोर्टच्या नाही. या टेस्टमधून सूट दिलेल्या देशांच्या त्यांच्या यादीत भारत नसल्यामुळे ही वाट बघावीच लागते. "दुबईमार्गे गेलात तर टेस्ट लागत नाही" असं मला दोघांनी छातीठोक सांगितलं. चूक. कुत्रं भारतातून निघालंय, वाटेत विमान कुठे बदललं याने सुटका होत नाही.

मधल्या काळात मी पुढे जाऊन चिंगीला कार्गोने मागवायचा विचार केला. तोही फसवा. मालक, किंवा त्याने लेखी नेमलेला माणूस, कुत्र्याच्या प्रवासाच्या पाच दिवस आगेमागे प्रवास करणार नसेल तर ते व्यापारी आयातीत धरतात आणि नियम आणखी कडक होतात. मी बिनपगारी रजा वाढवली.

एजंट? एकाने १,८५,००० रुपये सांगितले, त्यात "सरकारी क्लिअरन्स" म्हणून ३५,०००. हेच काम मी स्वतः एक्यूसीएसच्या, म्हणजे केंद्राच्या पशू संगरोध खात्याच्या मुंबई कार्यालयात केलं. तिथली पावती बघून एजंटचा आकडा आठवला आणि हसूच आलं. शिवाय त्या महाशयांनी माझ्या उलट्या तारखा बघून "चालतंय" म्हटलं होतं. माझं मत विचाराल तर एजंटला फक्त क्रेटचे, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्याचे, पैसे द्या, तेही भाव करून. क्रेटमध्ये कुत्रं ताठ उभं राहून वळलं पाहिजे. चपट्या नाकाचं असेल तर तिकिटाआधी विमान कंपनीला विचारा.

प्रमाणपत्र सही झाल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोचायचं असतं. खाजगी डॉक्टरची सही पुरत नाही, सरकारी पशुवैद्याची लागते. जर्मनीसाठी नमुना जर्मन आणि इंग्रजी दोन्ही भाषांतला हवा. सही छपाईच्या रंगापेक्षा वेगळ्या रंगात लागते, म्हणून निळं पेन स्वतः घेऊन जा. कुत्रं, मूळ रिपोर्ट, लसीचं पुस्तक, पासपोर्ट, तिकीट सगळं बरोबर ठेवा. आम्ही २३ जुलैलाच पुणं सोडलं आणि मुलुंडला मावशीकडे राहिलो. २५ तारखेला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, ते मावशीच्या टीव्हीवर बघितलं. पावसाळ्यात शेवटच्या दिवशी मुंबईला येण्याचा हिशेब करू नका.

फ्रँकफर्टला काय झालं? काही नाही. लाल मार्गिकेतून गेलो, कस्टमला सांगितलं, चिपवर रीडर फिरवला, कागद पाहिले, सोडलं. चिंगीने तिथेच खांबाशी आपलं उरकलं, ते मी टिश्यूने पुसलं.

फिनलंड, आयर्लंड, माल्टा किंवा नॉर्वेला जाणाऱ्यांना टेपवर्मचं (पोटातल्या पट्टकृमीचं) औषधही लागतं, पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत, आणि त्याचीही नोंद लागते. ब्रिटनला जाणाऱ्यांनी माझं काही ऐकू नका, तिथे कुत्रं कार्गोनेच येतं. पिटबुल, बुल टेरियर आणि स्टॅफर्डशायर जाती जर्मनीत आणायला बंदी आहे.

तेव्हा दवाखान्यात गेलात की डॉक्टर सुई काढायच्या आधी म्हणा, पहिल्यांदा चिप. १५ आकडी, आयएसओ ११७८४-११७८५ मानकाची, आणि टाकल्यावर लगेच रीडरने वाचून दाखवा म्हणा. चिपच्या नंबराचं स्टिकर लसीच्या पुस्तकात चिकटवून घ्या, तारखेसकट. लाजायचं नाही. मी लाजले.

बूस्टर, म्हणजे रेबीजची पुढची लस, आधीच्या लसीच्या मुदतीत दिला तर टायटरचा रिपोर्ट कुत्र्याच्या जन्मभर चालतो. एक दिवस चुकला तर रक्त पुन्हा. चिंगीचा बूस्टर १८ मार्चच्या आत आहे, फोनमध्ये गजर १ मार्चचा लावलाय.