गाडी वेळेवर आली की झालं, त्यात संशोधन कसलं?

मी बेळगावातल्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवते आणि मालवाहतुकीच्या कामगिरीचा ग्राहकाच्या वागण्याशी काय संबंध असतो, यावर संशोधन करते. हे वाक्य संपायच्या आत समोरच्याचा प्रश्न तयार असतो. रविवार पेठेतले व्यापारी विचारतात, उद्यमबागेतले कारखानदार विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका विचारतात, "काय ओ मॅडम, गाडी वेळेवर आली तर गिऱ्हाईक राहतंय, नाही आली तर जातंय. ह्यात संशोधन कसलं करालाय?" ते हसून विचारतात, मीही हसून वेळ मारून नेते. पण हाच प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी उशिरा येऊनही गिऱ्हाईक राहतं आणि वेळेवर येऊनही जातं. माझं सगळं काम या दोन ओळींभोवती फिरतं.

मुळात वेळेवर म्हणजे कुणाच्या वेळेवर? आपल्याकडची भाजी चोर्ला घाटातून गोव्याला जाते, ती तिथला बाजार सुरू व्हायच्या आत पोचली पाहिजे. दोन तास उशीर झाला की तोच कोबी पडत्या भावात काढावा लागतो. उद्यमबागेतून पुण्याकडे जाणाऱ्या कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या धातूच्या भागांना, माल उतरवायची वेळ नेमून दिलेली असते. तिथे लवकर पोचूनही उपयोग नाही, गाडी गेटबाहेर तिष्ठत राहते. शहापूर-वडगावच्या साड्यांचा गठ्ठा एरवी दोन दिवस मागेपुढे झाला तरी कुणी काही बोलत नाही, पण लग्नसराईच्या तोंडावर तोच व्यापारी सकाळपासून फोन लावत बसतो. ही तिन्ही गिऱ्हाइकं कित्येकदा एकाच ट्रान्स्पोर्टवाल्याची असतात आणि तो तिघांनाही "वेळेवर पोचवतो की" असं एकच उत्तर देतो.

मेंट्झर, फ्लिंट आणि हल्ट या तिघा अभ्यासकांनी 2001 मध्ये अमेरिकेच्या डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सीच्या, म्हणजे तिथल्या लष्कराला माल पुरवणाऱ्या खात्याच्या, ग्राहकांचा अभ्यास छापला. मालवाहतुकीच्या सेवेची त्यांनी नऊ अंगं धरली. वेळ हे त्यातलं एक. बाकीच्यांत मागणी नोंदवायची सोय, मिळणारी माहिती, माल बरोबर आहे का, धड अवस्थेत आहे का, समोरचा माणूस कसा बोलतो आणि गडबड झालीच तर ती कशी निस्तरतो, हे सगळं आलं. ग्राहकांच्या प्रत्येक गटाला यातली वेगवेगळी अंगं महत्त्वाची वाटतात, असं त्यांना आढळलं. निपाणीच्या तंबाखूवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, हे आम्हाला ठाऊकच हाय. असेलही. पण स्वतःच्या धंद्यात कुठल्या गिऱ्हाइकाला काय बोचतं ते लिहून ठेवणारे फार थोडे.

आता एक छोटा हिशेब. माल वेळेवर, पूर्ण, न मोडता आणि बरोबर कागदपत्रांसह पोचला, तर त्या ऑर्डरला निर्दोष म्हणायचं. या चारही बाबतींत तुम्ही 95 टक्के चोख आहात असं धरा. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर छाती फुगते. पण चौघांचा गुणाकार केला की 81 टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे शंभरातल्या जवळपास 19 ऑर्डरींत कुठे ना कुठे खोट. मालकाला 95 दिसतात, गिऱ्हाइकाला ते 19.

उशीर होऊनही गिऱ्हाईक कसं राहतं, हे आपल्या भागाइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात शिरोलीला पंचगंगेचं आणि यमगर्णीला वेदगंगेचं पाणी आलं, पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, गाड्यांच्या रांगा लागल्या. त्या दिवसांचा राग धरून ट्रान्स्पोर्ट बदललेला व्यापारी मला आजवर भेटलेला नाही. सीमाप्रश्नाचंही तसंच. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगडफेक झाली, तेव्हा माल अडकला म्हणून ट्रान्स्पोर्टवाल्याशी कोण भांडणार? सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, त्याच दिवशीचा कर्नाटकाचा राज्योत्सव, बेळगावच्या सुवर्णसौध या विधानभवनातलं हिवाळी अधिवेशन, हे सगळं आपल्या व्यापाऱ्याच्या डोक्यात पंचांगासारखं बसलेलं असतं. ग्राहक उशिराचे तास मोजतो, पण त्याआधी तो कारण तपासतो. हे तुमच्या हातात होतं का? आणि मला कधी सांगितलंत?

दुसऱ्या प्रश्नाशी आपला धंदा अडखळतो. "गाडी निघालीय" हे आपल्या मालवाहतुकीतलं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य असावं. गाडी गोडाऊनमध्ये भरायची आहे, ड्रायव्हर जेवायला गेलाय, हमालांनी अजून निम्मे नगही चढवलेले नाहीत, तरी फोनवर उत्तर ठरलेलं, "निघाली ओ, आत्ताच निघाली." ऐकणारा त्यावर विसंबून हमाल बोलावून ठेवतो, दुकानाचं शटर उघडं ठेवतो, पुढच्या गिऱ्हाइकाला शब्द देतो. मग गाडी चार तासांनी आली काय किंवा दोन तासांनी, त्याच्या लेखी ती खोटी ठरलेली असते. उलट एखादा मुनीम स्वतःहून फोन करतो, "शेट, कोगनोळीच्या अलीकडं गाडी बंद पडलीय, उद्या सकाळशिवाय व्हायचं नाही. ई-वे बिलाची मुदत संपायलीय, ती मी वाढवून घेतो." ई-वे बिल म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. त्याची मुदत संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांतच वाढवता येते, हे मुनीम जाणतो आणि ते काम व्यापाऱ्याच्या डोक्यावर टाकत नाही. माल एक दिवस उशिरा येतो, तरी पुढची बिल्टी, म्हणजे ट्रान्स्पोर्टवाल्याकडची माल बुक केल्याची पावती, त्याच्याकडेच फाटते.

मग हे मोजायचं कसं? इथे मला आमच्याच क्षेत्राबद्दल थोडं बोलायचं आहे. नेहमीची पद्धत म्हणजे प्रश्नावली. लिकर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची मोजपट्टी घ्यायची: अजिबात असहमत ते पूर्ण सहमत. कानडी, मराठी दोन्हीत फॉर्म छापायचे आणि दुकानोदुकानी हिंडायचं. काउंटरवरचा माणूस एका हाताने सुट्टे मोजत दुसऱ्या हाताने टिक करतो. पहिल्या ओळीत चार, म्हणजे सहमत, दुसरीत चार, मग खालपर्यंत पेन न उचलता चार. "मॅडम आलीया तर वाईट कशाला लिहायचं," असा भाव. त्याच फॉर्मवर वरच्या अर्ध्यात सेवा कशी आहे आणि खालच्या अर्ध्यात तुम्ही इतरांना ही सेवा सुचवाल का, असे प्रश्न. एकच माणूस, एकच मूड, एकच मिनिट. मग दोन्ही आकड्यांत घट्ट संबंध निघाला तर नवल कसलं? असे कित्येक प्रबंध कपाटांत आहेत. त्यांतला संबंध बराचसा त्या चार-चार-चारचा असतो, असं माझं मत आहे. सहकाऱ्यांना ते आवडत नाही.

शिवाय फॉर्म भरतं कोण? जे अजून गिऱ्हाईक आहेत ते. सोडून गेलेले त्या यादीत नसतातच.

म्हणून मी बिल्टीबुकांकडे वळले. बिल्टीवर तारीख, पाठवणारा, घेणारा, नग, वजन, भाडं, टू पे (भाडं घेणाऱ्याने द्यायचं) की पेड (आधीच भरलेलं), सगळं असतं. माल सोडवून घेताना मारलेला शेराही असतो: एक खोकं ओलं, दोन नग कमी. जुनी बुकं चाळत गेलं की एखादं नाव दर आठवड्याला दिसतं, मग महिन्याने दिसतं, मग दिसेनासं होतं. अशा नावाच्या शेवटच्या चार-सहा बिल्ट्या उलगडून बसायचं आणि मग त्या माणसाला गाठायचं. या बोलण्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर येते. गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी शेवटी भांडण केलेलंच नव्हतं. शेरा मारला, नुकसानीचं विचारलं, "बघू, करू" ऐकलं आणि पुढच्या खेपेला काही न बोलता दुसरीकडे बुकिंग केलं.

'कस्टमर एंगेजमेंट' म्हटलं की लोकांना कूपन, सणाचे मेसेज, फेसबुकवरचे लाइक आठवतात. 2010 च्या सुमाराला या विषयावर जे महत्त्वाचे लेख आले, त्यांत त्याचा अर्थ फार रुंद धरलाय: खरेदीपलीकडे ग्राहक धंद्याशी जे जे वागतो ते सगळं. दुसऱ्याला नाव सुचवणं त्यात आलं, सूचना करणं आलं आणि तक्रारही आली. गोडाऊनमध्ये येऊन आवाज चढवणारं गिऱ्हाईक अजून तुमचं आहे. सीमाभागात नातीगोती आणि गल्ली एकच असल्यामुळे लोक तोंडावर बोलायचं टाळतात, त्यामुळे इथे आवाज चढवणारा तर जास्तच जपावा.

"मग ॲप घेऊ का?" हा त्यापुढचा हमखास प्रश्न. जागतिक बँकेच्या 2023 च्या लॉजिस्टिक्स निर्देशांकात भारत 139 देशांत 38 वा आला, 2018 ला 44 वा होता. त्या निर्देशांकात मालाचा माग काढता येणं हा स्वतंत्र घटक आहे, तेव्हा ट्रॅकिंगला मी नावं ठेवत नाही. पण निपाणीत बसून कागलहून पार्सल मागवून बघा. अंतर वीसेक किलोमीटर, पण कागल महाराष्ट्रात आणि निपाणी कर्नाटकात, त्यामुळे पिनकोड एकाचा 4 ने सुरू होणारा, दुसऱ्याचा 5 ने. हबवरून हबला, म्हणजे एका मोठ्या वाटप केंद्रावरून दुसऱ्याला, जायच्या पद्धतीत ते कुठल्या कुठे फिरून येऊ शकतं, आणि मोबाइलवर तो सगळा प्रवास खराखुरा दिसत राहतो. दिसणारी माहिती बरोबर असते, पण "आज येणार का?" याचं उत्तर तिच्यात नसतं. ते उत्तर द्यायला फोन उचलणारा माणूस लागतो. त्यामुळे ॲपवाला दारात आला की त्याला एवढंच विचारा: गाडी अडकली तर तुमचं ॲप गिऱ्हाइकाला काय सांगतं, आणि ते त्याने विचारायच्या आधी सांगतं की नंतर?